वन मॅन गँग: लोरेन्झो अलेक्झांडर

अमेरिकन फुटबॉलचा सामना. किक-ऑफ झाला, म्हणजे चेंडू लाथेनं समोरच्या संघाकडे उडवला. चेंडू अजून हवेत आहे. तिकडे नका पाहू. धावत सुटलेल्या 97 नंबरवर नजर ठेवा. पहिल्या अडवणाऱ्याला त्यानं खांद्यानं बाजूला सारलं, दुसऱ्याला हुलकावणी दिली आणि चेंडू झेललेला गडी जागीच आडवा. सगळा खेळ काही सेकंदांचा. स्टेडियममधले निम्मे लोक नेमके याच वेळी खायला आणायला उठतात.

हा लोरेन्झो अलेक्झांडर. वॉशिंग्टनमध्ये त्याला नाव पडलं ‘वन मॅन गँग’.

मूळचा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. बर्कलीच्या विद्यापीठ संघात होता तेव्हा वजन 135 किलोंच्या घरात, जागा बचावफळीच्या मधोमध. 2005 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथं, त्याच संघाच्या क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा गडी), ॲरन रॉजर्सला, 24 व्या क्रमांकापर्यंत ताटकळावं लागलं. त्याची चर्चा अजून संपलेली नाही. अलेक्झांडरचं नाव सातही फेऱ्यांत कुणी घेतलं नाही.

मग कॅरोलिना, बाल्टिमोर, वॉशिंग्टन. सगळीकडे प्रॅक्टिस स्क्वॉड. आठवडाभर मुख्य संघाला सराव द्यायचा आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत उभं राहायचं. प्रत्यक्ष सामन्यात उतरायला 2007 उजाडलं.

सरावाची ही दृश्यं बघा. इथं तो बचावफळीत आहे. इथं आक्रमणफळीत, स्वतःच्या क्वार्टरबॅकला राखतोय. आणि इथं चक्क टाइट एंड, म्हणजे अडवणाराही आणि पास झेलणाराही. जिथं माणूस कमी, तिथं अलेक्झांडर. 2010 मध्ये माइक शॅनहन प्रशिक्षक म्हणून आले आणि बचावाची मांडणीच बदलली: पुढे चारऐवजी तीन धिप्पाड गडी, त्यांच्या मागे चार लाइनबॅकर. लाइनबॅकरला धावणाऱ्यालाही पकडायचं असतं, पास झेलणाऱ्याच्या मागेही लागायचं असतं आणि संधी मिळाली की क्वार्टरबॅकवर झडप घालायची असते. धिप्पाड देह तिथं चालत नाही. त्यानं वजन उतरवलं आणि नवी जागा शिकून घेतली.

2012 मध्ये तो प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला, तोही स्पेशल टीमचा (किक-ऑफसारख्या लाथेच्या डावांना उतरणाऱ्या तुकडीचा) खेळाडू म्हणून. ज्या कामाला समालोचक दोन वाक्यं देत नाहीत, त्या कामासाठी.

2013 मध्ये ॲरिझोना. हंगाम नुकता सुरू झालेला, तोच पाय दुखावला आणि उरलेलं वर्ष गेलं. 2015 मध्ये ओकलंड, घरचंच गाव. एका हंगामानंतर तिथूनही बाहेर.

आता बर्फाळ बफेलो, 2016. करार एका वर्षाचा, वय 33, पाठीवर 57. पहिल्या फेरीत निवडलेल्या शॅक लॉसनच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि कडेची जागा मोकळी झाली. पुढचं पडद्यावरच पाहा.

ही एक सॅक, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं. ही दुसरी. ही अजून एक.

हंगामाअखेर 12.5 सॅक. अर्धी कशी? दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडलं की अर्धी-अर्धी वाटणी. त्याआधीच्या साऱ्या कारकिर्दीची बेरीज दहाही भरत नव्हती. पुन्हा प्रो बोल. पुढच्याच हंगामात बफेलोनं 17 वर्षांचा प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा) दुष्काळ संपवला, तेव्हाही तो संघात होता.

दरम्यान तो खेळाडूंच्या संघटनेच्या कार्यकारी समितीवर गेला. ज्या किक-ऑफवर त्याचं नाव झालं, त्याच्या धडकांत फार दुखापती होतात म्हणून लीगनं 2011 आणि 2018 मध्ये नियम बदलले.

4 जानेवारी 2020, ह्यूस्टन. प्लेऑफच्या सामन्यात बफेलोची जादा वेळेत 22-19 नं हार. हा शेवटचा हंगाम, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.