रिपोर्ट नॉर्मल आहे, पण वजन किती?

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानमालेत एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय पत्रिकेवर छापलाच आहे : रक्तातले किडनीचे आकडे आणि कर्करोगाच्या रुग्णाचं आयुष्य. त्याकडे येतोच. आधी सांगा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट किती जणांच्या घरी आहे? बघा, अर्धी सभा. आणि त्या रिपोर्टवर रुग्णाचं वजन लिहिलेलं कोणी पाहिलंय? एकही हात नाही. माझं भांडण तिथेच आहे.

क्रिएटिनिन स्नायूंतून निघतं, किडनी ते गाळून लघवीवाटे टाकते. किडनी थकली की ते रक्तात साचतं, आकडा चढतो. इथवर तुम्हाला माहीत आहे. पण ज्याच्या अंगावर स्नायूच उरले नाहीत, त्याच्या शरीरात ते मुळात तयारच कमी होतं. बंधाऱ्यात पाणीच कमी येत असेल, तर सांडवा बुजला तरी पातळी चढलेली दिसत नाही. कर्करोगाचा रुग्ण बऱ्याचदा नेमका असाच असतो. महिना-दोन महिन्यांत अंग गळालेलं असतं.

दारव्ह्याकडच्या एक काकू होत्या. वय ६२, जन्म कापूस वेचण्यात गेलेला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. मुलगा रिपोर्ट घेऊन आला : क्रिएटिनिन ०.९. समोर छापलेलं, ‘०.६ ते १.२ नॉर्मल’. पोरगा खुशीत. म्हणे, “सायेब, किडनी तं नारमल हाये ना, आता नागपुरात इंजेक्शन चालू करू द्या.” मी विचारलं, आईचं वजन किती? त्याला ठाऊक नव्हतं. ज्या प्रयोगशाळेनं रक्त घेतलं, तिनंही विचारलं नव्हतं. माझा काटा त्या दिवशी बंद. मग शेजारच्या कृषी केंद्रात गेलो, पोती तोलायच्या काट्याकडे. काकू काही केल्या चढेनात. “बाई मानसाले सरकीच्या पोत्यावानी तोलता का जी?” दुकानातले सगळे हसले, काकूही हसल्या आणि चढल्या. ३८ किलो.

आता हिशोब करू. फळ्यावर लिहितो, शाळेतल्या पोरांनी पडताळून पाहा. हे सूत्र १९७६ सालचं, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं. १४० मधून वय वजा करा : ७८. त्याला वजनानं गुणा : २९६४. खाली ७२ गुणिले क्रिएटिनिन : ६४.८. भागाकार पावणेसेहेचाळीसच्या आसपास. बाई असेल तर ०.८५ नं गुणायचं. उरले ३९. म्हणजे किडनी मिनिटाला साधारण ३९ मिलिलिटर रक्तद्रव गाळते आहे. धडधाकट तरुण माणसात हा आकडा ९० च्या वर असतो. नॉर्मल रिपोर्टच्या पोटात हे लपलेलं होतं!

सोनोग्राफीत एक किडनी सुजलेली दिसली. गाठीनं मूत्रवाहिनी दाबली होती. या कर्करोगात असं झालं की आजार किमान तिसऱ्या टप्प्यातला धरतात, इतकं त्या सुजेला वजन आहे. आणि शेकासोबत, म्हणजे रेडिएशनसोबत, जे औषध दर आठवड्याला देतात ते सिस्प्लॅटिन, किडनीला सगळ्यात जड पडणाऱ्या औषधांपैकी एक. काकूंना आधी मूत्रवाहिनीत नळी टाकली, मग पुढचं ठरलं.

आता कुणी म्हणेल, एका काकूंवरून एवढं काय. अहो, आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, दर्यापूर-अकोटकडचे लोक इथे बसलेत. खारं पाणी पिऊन कित्येकांच्या पिढ्या गेल्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, शेतात पाण्याचा थेंब नाही. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा! खिशात पुडी असलेल्यांनी खिशावरचा हात काढू नका, मला दिसतोय. खर्ऱ्यानं तोंडाचा कर्करोग होतो, तोंड उघडत नाही, घास जात नाही, पाणीही जात नाही, वजन उतरतं. त्या वाळलेल्या शरीरावर पुन्हा तेच सिस्प्लॅटिन. या भागात वजनाशिवाय क्रिएटिनिन वाचणं मला गुन्ह्यासारखं वाटतं, आणि हे मी शब्द मोजून बोलतोय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मूळ विषय उरलाच आहे, भराभर सांगतो.

फ्रान्समध्ये साडेचार हजारांवर कर्करुग्णांची पाहणी झाली, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. नॉर्मलच्या वरचं क्रिएटिनिन जेमतेम ७ टक्क्यांना होतं. वय-वजनाचा हिशोब केल्यावर निम्म्याहून अधिक जणांची गाळण्याची क्षमता ९० च्या खाली निघाली. पुढे असंही दिसलं, की कर्करुग्णांत ६० च्या खाली असलेल्यांचं आयुष्य कमी भरलं. कारणं दोन्ही बाजूंची : औषधाचा डोस कमी करावा लागतो किंवा शरीर तो झेलत नाही, आणि कधी कर्करोगच किडनीवर चढलेला असतो.

सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी. हे प्रथिन जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायू गळाले तरी फारसं फसवत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर मात्र ते वाढतं, हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवायचं. महाग आहे, तालुक्याला क्वचित मिळतं. वजनकाटा तर मिळतो!

मायलोमा या हाडांच्या मगजातल्या कर्करोगात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं रक्तातलं प्रथिन मोजतात. त्याचा आकडा आजाराच्या ओझ्याबरोबर वाढतो आणि किडनी मंदावली तरी वाढतो. साडेपाचच्या वर गेला की तिसरा टप्पा. पण इथे घाबरून घरी बसू नका. उपचार लवकर सुरू झाले आणि किडनी सावरली, तर या रुग्णांचं आयुष्य चांगलंच वाढतं. अडचण आधीच होते : कंबर दुखते म्हणून माणूस मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणतो, महिनोन्महिने खातो, आणि निदान होईस्तोवर किडनी बसलेली असते. साठी ओलांडलेल्या माणसाची कंबर हटत नसेल आणि रक्तही कमी असेल, तर गोळी थांबवा, रक्त तपासा. आणि प्रयोगशाळेत आधी वजन लिहून घ्यायला लावा. नाही घेतलं, तर स्वतःच्या हातानं रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहा, मोठ्या अक्षरात.