कामातून गळून पडलेली विश्रांती

नमस्कार श्रोतेहो. आज डोळ्यांविषयी बोलायचं आहे, आणि रेडिओची सोय अशी की हे सगळं डोळे मिटून ऐकता येतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसून आला असाल तर खरंच मिटा.

मी प्लास्टिकच्या वस्तू ज्यात ओततात त्या मोल्डचं, म्हणजे साच्यांचं, डिझाइन करते. सुरुवात भोसरीत, ड्रॉईंग बोर्डावर झाली. उभ्यानं काम. पेन्सिलीला टोक काढायला थांबायचं, खोडरबराची पूड झटकायची, समोरून, वरून, बाजूनं असे तिन्ही व्ह्यू जुळतात का ते बघायला दोन पावलं मागे सरायचं, ट्रेसिंग घेऊन तिची अमोनिया प्रिंट, म्हणजे नक्कल, काढायला खाली जायचं. त्या प्रिंटच्या खोलीत डोळे चुरचुरायचे, तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पण दर पाच-दहा मिनिटांनी नजर कागदावरून उठायचीच, कारण कामच तिला उठवायचं.

मग कॅड आलं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉईंग काढणं. टोक काढणं गेलं, मागे सरणं गेलं, खाली जाणंही गेलं. काम कितीतरी वेगानं व्हायला लागलं. विश्रांती मात्र कुणी काढून न घेता आपोआप गळून पडली, आणि ती गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

माझ्या ध्यानात आलं ते एका चुकीमुळे. डिलिव्हरी तोंडावर होती. सकाळी नऊला बसलेली मी रात्री साडेदहाला शेवटची ड्रॉईंग तपासत होते. एका कोपऱ्याचा रेडियस, म्हणजे गोलाई, ३ हवा होता, तिथे ८ पडला होता. तो आकडा मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मला ३ च दिसला. दुसऱ्या दिवशी मिलिंगवर स्टील कापलं गेलं. साचे घडवतात त्या टूलरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं, स्टील काढता येतं, परत घालता येत नाही. वेल्डिंग करून पुन्हा घासलं, आठवडा गेला. बोलणी खाल्ली. निष्काळजीपणा, असाच शेरा पडला आणि मलाही तो पटला होता. आज पटत नाही. साडेतेरा तास झालेल्या डोळ्यांवर शेवटची तपासणी ठेवली होती, चूक तिथे होती.

डोळ्यांत नेमकं काय होतं, ते नेत्रतज्ज्ञांनी मला समजावून सांगितलं. आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं. पापणी मिटली की बुबुळावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. ती मिटली नाही तर तो थर सुकतो, आणि एसीच्या कोरड्या हवेत आणखी लवकर सुकतो. डोळा चुरचुरला की शरीर घाईघाईनं पाणी सोडतं. म्हणून डोळ्यांतून घळाघळा पाणी येत असताना डॉक्टर म्हणतात, तुमचे डोळे कोरडे पडलेत. मला ते आधी खरंच वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट स्नायूची. जवळचं पाहताना डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळलेला राहतो. तो सैल पडतो दूर पाहिल्यावर, साधारण सहा मीटर किंवा त्याहून लांब. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्यामागे हेच आहे. दोन तास सायकल मारल्यावर पोटऱ्या भरून येतात, तसंच हे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, मग त्रास वाढतो. त्या वयात चष्म्याचा नंबर काढताना आपल्या स्क्रीनचं अंतर डॉक्टरांना मोजून सांगा. वाचायचा चष्मा आणि स्क्रीनचा चष्मा यांत फरक पडू शकतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर मात्र पैसे घालवू नका. त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असं काही सिद्ध झालेलं नाही.

थकवा डोळ्यांपाशी थांबत नाही. सलग सतरा तास जागं राहिलं की हाताची आणि नजरेची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी घसरते, हे १९९७ साली एका प्रयोगात मोजलं गेलं आहे. दारू प्यायलेल्या माणसाला मशीनजवळ कुणी उभं करत नाही. डबल ड्यूटी केलेल्याला मात्र शाबासकी देतो. आणि पहाटे तो दुचाकीवरून घरी जातो, याचा मला सगळ्यात जास्त घोर लागतो.

हे नव्यानं कळलेलं नाही. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात बारीक काम करणाऱ्यांना मधूनमधून नजर उचलायला सांगितलं आहे. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात उजेडाचं कलम होतं. डोळ्यांवर ताण येईल अशा सावल्या पडू नयेत, याची तजवीज करायला ते सांगायचं. सलग पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची सुट्टी द्यायचंही त्यात होतं. युरोपात १९९० च्या एका निर्देशानुसार स्क्रीनवर काम करणाऱ्याची नेत्रतपासणी त्याला खर्च न पडता व्हायला हवी, असा दंडकच आहे. तेव्हा डोळ्यांचं दुखणं हे ज्याचं त्यानं थेंब घालून निभावायचं, हे मला मान्य नाही. आखणीतच विश्रांती धरायला हवी, आणि ती आखणी करणारे ऐकत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

आता मी विभाग सांभाळते. संध्याकाळी सहानंतर कुठलीही ड्रॉईंग स्टील कापायला पाठवत नाही. शेवटची तपासणी सकाळी, ताज्या डोळ्यांनी, आणि तीही कागदावर, उभ्यानं.

परवा एक मुलगा डोकं धरून बसला होता. खिडकी त्याच्या पाठीशी, तिचा सगळा लखलखाट स्क्रीनवर. आम्ही त्याचं टेबल आडवं फिरवलं, स्क्रीन हातभर लांब आणि नजरेच्या जरा खाली आणली. पाच मिनिटांचं काम. आता मान वळवली की त्याला रस्त्यापलीकडचा कडुनिंब दिसतो.