लाल पूड, 120 अंश, 3 दिवस

नळीच्या तळाशी बसलेली ही पूड दिसते कुंकवासारखी. पण तिच्या एका ग्रॅमच्या पोटात 500 चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग दडलाय. नाव टीपीपीए-1. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने ती बनवली, शोधनिबंध 2012चा. हा सहसंयुज सेंद्रिय सांगाडा, म्हणजेच सीओएफ: कार्बनी रेणू पक्क्या बंधांनी जोडून विणलेली सच्छिद्र जाळी. यात धातूचा कणही नाही.

ती बनवायला लागतात दोन रेणू: 63 मिलिग्रॅम ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल, 48 मिलिग्रॅम पॅराफेनिलीनडायअमाइन. पहिल्याच्या रेणूला बंध जोडणारे तीन हात, दुसऱ्याच्या रेणूला दोन. म्हणून रेणूंचं प्रमाण 2 ला 3. डायअमाइन हवेने काळपट पडलं असेल, तर हे प्रमाण तिथेच बिघडतं. द्रावक म्हणून मेसिटिलीन आणि डायऑक्झेन दीड-दीड मिलिलिटर, 3 मोलर ॲसेटिक ॲसिड अर्धा मिलिलिटर. मग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, पंपाने हवा ओढा, वितळू द्या. असं तीनदा. गोठवताना नळी हवेला उघडी राहिली, तर आत ऑक्सिजन द्रवरूप होऊन साचतो. तशीच सील केलेली नळी फुटते.

आता 120 अंशांवर 3 दिवस. इतका वेळ कशाला? आधी जुळणारा इमाइन बंध, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध, सुटू शकतो. चुकीच्या जागी लागलेला रेणू निघतो, पुन्हा नीट बसतो, आणि षटकोनांची जाळी सरळ होत जाते. घाई केली की रंग तोच, पण स्फटिक नाही. जाळी जुळली की हायड्रोजन आपली जागा बदलतो, रचना कीटो रूपात (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या) जाते आणि परतीची वाट बंद होते. म्हणूनच ही पूड 9 नॉर्मल, म्हणजे चांगल्या तीव्र, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्येही टिकते. 2013मध्ये याच गटाने ती चक्क खलात घोटून केली: पिवळट, नारिंगी, 45 मिनिटांनी गडद लाल. द्रावक वाचलं, पण थर सुटे झाले आणि पृष्ठभाग बराच घटला.

अशा छिद्रांचा एक उपयोग म्हणजे वायू धरणं. 0 अंश तापमान आणि 1 वातावरण दाबाला टीपीपीए-1 ग्रॅममागे 78 घनसेंटिमीटर कार्बन डायऑक्साइड धरते. आकडा देखणा, पण तो शुद्ध वायूचा. हवेत 10,000 रेणूंमागे हा वायू जेमतेम 4, आणि छिद्रांतल्या जागा बाष्प आधी बळकावतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीत, 2024मध्ये आलेल्या सीओएफ-999ने हवेतूनच हा वायू धरायला वेगळी वाट धरली. छिद्रांच्या भिंतींवरच अमाइनच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला पकडणाऱ्या नायट्रोजनयुक्त गटांच्या, साखळ्या वाढवल्या. त्या इमाइन बंध तोडू शकतात, म्हणून सांगाडा कार्बन-कार्बन दुहेरी बंधांचा. इथे बाष्प उलट मदतीला येतं: कोरड्या हवेतून ग्रॅममागे 0.96 मिलिमोल, 50 टक्के आर्द्रतेला 2.05. 60 अंशांवर तापवलं की वायू सुटतो. बाहेरच्या हवेवर अशा 100 फेऱ्या झाल्या.

2.05 मिलिमोल म्हणजे 90 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. किलोभर वायू एका फेरीत धरायचा, तर 11 किलो पूड लागेल. ती नळकांड्यात ठासून भरली की हवाच आत शिरत नाही. तिच्या गोळ्या वळायला चिकटवण घातलं, तर तेच छिद्रांची तोंडं बुजवतं.