चौदापाशी तीन शिखरं

पडद्यावरच्या आलेखाकडे नीट बघा. 14 या आकड्यापाशी तीन शिखरं उभी आहेत. मधलं बारीक आणि टोकदार, दोन्ही बाजूंची रुंद, बसकी. निर्वात पेटीत सोडलेल्या नायट्रोजनच्या बारीक झोतावर लेसरचे स्पंद, म्हणजे प्रकाशाचे अतिशय छोटे ठोके, पडताहेत आणि रेणूंचं जे काही उरतं, ते शोधकाकडे धाव घेतंय. कोण किती वेळात पोचलं, यावरून त्याचं वस्तुमान भागिले विद्युतभार काढता येतं.

लेसरचा प्रकाश 800 नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा. एक स्पंद टिकतो 30 फेम्टोसेकंद. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी. तो झाला एक फेम्टोसेकंद. नायट्रोजनच्या दोन अणूंना एकदा जवळ येऊन लांब जायला लागतात 14 फेम्टोसेकंद. म्हणजे रेणूची दोन आंदोलनं होतात न होतात, तोवर स्पंद निघूनही गेलेला असतो.

अशा स्पंदाची ताकद थेट वाढवायला गेलं, तर वाढवणारा स्फटिकच जळायचा. 1985 साली अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी वाट काढली: स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी पुन्हा आवळायचा. 2018 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

या प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा दीड इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. नायट्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढायला साडेपंधरा लागतात. एकट्या फोटॉनच्या आवाक्यातलं हे काम नाही. पण तोच स्पंद आरशाने एका ठिपक्यावर गोळा केला, की दर चौरस सेंटिमीटरला शंभर लाख कोटी वॅट एवढी तीव्रता होते. तिथलं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला अडवून ठेवणारी भिंत एका बाजूने वाकवतं. बांध खचला की पाणी पलीकडे पाझरतं, तसा इलेक्ट्रॉन निसटतो. 1964 साली सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लिओनिद केल्डिश यांनी हा हिशेब मांडला, तेव्हा असे स्पंद देणारा लेसर जगात कुठेच नव्हता!

आता पुन्हा आलेख. दोन इलेक्ट्रॉन गमावूनही काही रेणू अखंड राहतात. वस्तुमान 28, भार दोन, भागाकार 14. हे मधलं शिखर. बाकीचे फुटतात. प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान 14, भार एक, भागाकार तोच. मग ओळखायचं कसं? धनभारित तुकडे एकमेकांना जोरात ढकलतात. शोधकाच्या दिशेने उडालेला आधी पोचतो, उलट दिशेने उडालेला वळून येईपर्यंत मागे पडतो. म्हणून दोन बाजूंना दोन शिखरं, आणि त्यांच्यातल्या अंतरात स्फोटाची ऊर्जा.

ही ऊर्जा कागदावरच्या हिशेबापेक्षा कमी भरते. मला हे फार मोलाचं वाटतं. कारण त्याचा एक अर्थ असा, की सगळे इलेक्ट्रॉन जायच्या आतच दोन अणूंमधला बंध ताणला गेला होता. ताणलेल्या रेणूतून पुढचा इलेक्ट्रॉन आणखी सहज सुटतो.

प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवली, की बाजूची शिखरं खाली बसतात. लेसर रेणूंना आपल्या दिशेने वळवतो, की आधीच त्या दिशेत असलेले तेवढे फुटतात? मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर, जी. रवींद्र कुमार आणि त्यांचे सहकारी 1990च्या दशकात याच प्रश्नामागे होते. त्यांचे स्पंद पिकोसेकंदांचे (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद), म्हणजे रेणूला वळायला सवड देणारे. 30 फेम्टोसेकंदांत ती सवड मिळत नाही.

मिथेनॉलमध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडतो. दोन इलेक्ट्रॉन गेले की कार्बनपाशी असलेले दोन हायड्रोजन अणू जोडी जमवून रेणूपासून सुटतात, पण लांब जात नाहीत. आसपास भटकतात, उरलेल्या भागातून एक प्रोटॉन उचलतात आणि तीन हायड्रोजनचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बनून बाहेर पडतात. हे भटकणं किती वेळ चालतं, ते मोजायला दुसरा स्पंद लागतो. पहिल्यानंतर थोड्या थोड्या उशिराने तो सोडत राहायचं आणि शोधकावर हा आयन केव्हा कमी-जास्त होतो, ते टिपायचं.