बुधवारची शाळा

[पहाट. पेठेतली शाळा, एकाच खोलीत उजेड.]

20 नोव्हेंबर 2024, बुधवार. विधानसभेचं मतदान सात वाजता सुरू व्हायचंय, पण कोल्हापूरच्या या शाळेत पहाटेपासूनच बीप वाजतोय. हे अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची चाचणी. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतं टाकायची, बेरीज जुळवून दाखवायची, यंत्र पुन्हा शून्यावर आणायचं, व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या काढून घ्यायच्या, मग सीलवर सह्या. आम्ही खिडकीबाहेर, आवाज तेवढा ऐकतोय. आतली मंडळी, म्हणजे मतदान कर्मचारी, कालच यंत्रं घेऊन आली, रात्री इथंच बाकं जोडून झोपली. बरेचसे शिक्षक. मतदाराचे फोटो सगळेच काढतात. आमचा कॅमेरा आज जास्त वेळ यांच्याकडं आहे.

[रांग. स्वेटर, कानटोप्या. व्हीलचेअर.]

या आजींना घरबसल्या मत देता आलं असतं. 85 वर्षांवरच्यांसाठी तशी सोय आहे. नातवानं अर्ज आणला, आजींनी भरू दिला नाही.

"घरात बसून कसलं मतदान रं? माणसं कधी दिसायची मला?"

आणि माणसं दिसतायत. रांगेतली निम्मी पेठ आजींना ओळखते. फाटकापासून दारापर्यंत यायला त्यामुळंच वेळ लागला.

[टेबलं. हात. शाईची बाटली.]

पहिल्या टेबलावर नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचतात. प्रतिनिधींनी ऐकून आपापल्या यादीत खूण करावी म्हणून. प्रतिनिधी परस्परविरोधी पक्षांचे, बाक एकच, आणि पेनही एकच, कारण दुसऱ्याचं संपलंय.

दुसऱ्या टेबलावर डाव्या हाताची तर्जनी. ही शाई म्हैसूरला बनते. 1962 च्या निवडणुकीपासून ती मतदारांच्या बोटाला लागते. नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ. आजींचं बोट थरथरतंय. बाईंनी ते आपल्या दोन बोटांत अलगद धरलं, रेघ ओढली, आणि वाळेपर्यंत सोडलं नाही. मागं रांग खोळंबलीय, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

"झालं आजी. आता पुसू नका हं."

तिसऱ्या टेबलावरचं बटण दाबलं, यंत्र मतासाठी तयार. पुढं पुठ्ठ्याचा आडोसा. तिथं कॅमेऱ्याला मज्जाव, आणि तो असायलाच हवा. आत निळं बटण, लाल दिवा, काचेमागं सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. बाहेर येतो तो लांबलचक बीप.

[संध्याकाळ. फाटक.]

सहा वाजले. रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या दिल्या जातायत, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. म्हणजे नंतर कुणी मागं लागायला नको. चिठ्ठी हातात असलेल्या प्रत्येकाचं मत होणार.

23 तारखेला निकाल लागला, गुलाल उडाला. जिल्ह्यात 76 टक्क्यांहून जास्त मतदान झालं, राज्यात सर्वाधिक.

[यंत्रं गाडीत चढवताना.]

टेबलामागच्या मंडळींचं काम मात्र सहाला संपलेलं नाही. यंत्रं सीलबंद करायची, हिशेबाच्या प्रती प्रतिनिधींना द्यायच्या, सगळं साहित्य नेऊन जमा करायचं. तिथंही रांग असते.