दोऱ्याची वाट

श्रोतेहो, नमस्कार. पुस्तक समोर ठेवून मणीकाम शिकायला बसलेला माणूस आधी काय बघतो? फोटो. झळझळीत मण्यांची सुरेख पट्टी. फोटोखाली एक रूक्ष आकृती असते, नुसते पोकळ गोल आणि त्यांतून फिरणारी वाकडीतिकडी रेघ. ती तो सोडून देतो आणि तिथेच फसतो. ती रेघ म्हणजे दोरा. पुस्तक वाचायचं ते त्या रेघेवर बोट ठेवून. दोरा कुठून निघाला, कुठे वळला, कोणता मणी टाळून पुढे गेला, हे बघायचं. आधी दोरा बघा, मणी नंतर.

यावरून एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मणीकामाविषयी बोलणं मला जमतच नाही.

1922 च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर यांना इजिप्तमधल्या राजांच्या खोऱ्यात तूतनखामेनचं थडगं सापडलं. सोन्याबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलंय, सोनं बाजूला ठेवू. बाहेरच्या दालनात जमिनीवर मणीकामाची एक चप्पल पडली होती. सव्वातीन हजार वर्षं जुनी, पण बघताना अगदी धडधाकट. मण्याला मणी लागलेला, नक्षी जागच्या जागी. वाटावं, उचलावी आणि पायात घालावी. पण ती उचलायची सोय नव्हती. मणी शाबूत होते, दोरा मात्र आतल्या आत कुजून गेला होता. हात लावला की चप्पल संपली. तळहातावर उरणार मूठभर सुटे मणी, ज्यांना कसलाच अर्थ नाही. इतकी वर्षं ती नक्षी जमली होती ती केवळ कुणी धक्का लावला नाही म्हणून.

मग त्यांनी काय केलं? स्पिरिटचा स्टोव्ह पेटवला, पॅराफिनचं मेण वितळवलं आणि चपलेवर ओतलं. तास-दोन तास ते घट्ट होऊ दिलं. मग ती चप्पल अखंड उचलता आली. गेलेल्या दोऱ्याचं काम मेणाने केलं.

पुढची गंमत ऐका. त्याच दालनात एक चितारलेली लाकडी पेटी होती, आणि तिच्यात मणी नि सोन्याच्या टिकल्यांनी भरलेली राजाची वस्त्रं, बोळा करून कोंबलेली. ती एक पेटी रिकामी करायला तीन आठवडे लागले. कार्टर आणि त्यांचे सहकारी आर्थर मेस यांच्यापुढे पेच असा की कापड जपावं की नक्षी? दोन्ही हाती लागणं कठीण. काही ठिकाणी त्यांनी कापडाचा नाद सोडला आणि कोणत्या मण्याशेजारी कोणता मणी होता ते टिपून घेतलं. कारण ओवण्याचा क्रम कळला, तर नव्या दोऱ्यावर तीच नक्षी पुन्हा उभी राहते. क्रम गेला, की उरते मण्यांची पुरचुंडी. तुमच्या पुस्तकातली ती रूक्ष आकृती हेच काम करते. दोऱ्याची वाट जपून ठेवते.

तर आता कामाचं. मणी अकरा नंबरचे घ्या. पुस्तकात 11/0 असं छापलेलं असतं, मणी साधारण 2 मिलिमीटरचा. नंबर वाढला की मणी लहान होतो, हे ध्यानात ठेवा. आठ नंबर 3 मिलिमीटरचा, पंधरा नंबर दीड मिलिमीटरचा. सुईचंही तसंच, दहा नंबरपेक्षा बारा नंबर बारीक. दोरा नायलॉनचा किंवा गुंफलेला पॉलिथिलीनचा. शिवणाचा सुती दोरा नको. मण्याच्या भोकाची कड काचेची असते, ती त्याला खरवडून पिंजते. एका वेळी दीड मीटर पुरे. जास्त घेतला की गुंता ठरलेला.

आणि पुस्तक विकत घेण्याआधी ते टेबलावर उघडून ठेवून बघा. आपोआप मिटत असेल तर घेऊ नका. दोन्ही हात कामात असताना पुस्तक काय हनुवटीने धरायचं? पाककृतींच्या पुस्तकांचीही हीच रड. बांधणी करणाऱ्याने एकदा तरी पीठ मळता मळता पान उलटून बघावं. असो.

पहिला टाका पेयोटीचा शिका, म्हणजे भिंतीतल्या विटांसारखे मणी एकाआड एक बसवायचा. आधी दोऱ्यावर एक वेगळ्या रंगाचा मणी घ्या, त्यातून सुई पुन्हा एकदा काढा. हा अडवणारा मणी, बाकीचे घरंगळू नयेत म्हणून. पट्टी झाली की काढून टाकायचा. त्याच्यामागे 15 सेंटिमीटर दोरा मोकळा ठेवा. आता दहा मणी ओवा, एक पांढरा, एक निळा, असे आळीपाळीने. आणि इथेच नवखे हमखास चुकतात. हे दहा मणी म्हणजे एक ओळ नव्हे. त्या दोन ओळी आहेत, पहिली आणि दुसरी, एकमेकींत मिसळलेल्या. पुन्हा सांगतो, दहा मणी म्हणजे दोन ओळी.

आता तिसरी ओळ, तिला लाल मणी. एक लाल घ्या, शेवटचा दहावा मणी टाळा, नवव्यातून सुई काढा. पुन्हा एक लाल, आठवा टाळा, सातव्यातून जा. एक घ्या, एक टाळा, एकातून जा. टोकाला पोचाल तेव्हा पाच लाल मणी लागलेले असतील. चार किंवा सहा झाले तर कुठेतरी चुकलं; तिथेच थांबा.

ही तिसरी ओळ फार छळते. पट्टी पिळते, मणी उलटेपालटे होतात आणि माणूस म्हणतो, मला जमत नाही. जमतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सपाट धरा, दर टाक्याला दोरा ओढून घ्या. चौथ्या ओळीपासून लाल मणी दातांसारखे वर आलेले दिसतात. मग दोन दातांच्या मधे एक मणी बसवत जायचं. पाचव्या-सहाव्या ओळीला पट्टी हातात उभी राहते.

चुकलात तर सुई उलटी घालून उसवू नका. तिचं टोक मण्याच्या आतल्या दोऱ्यात घुसतं आणि तो दोरा मग मागेही येत नाही, पुढेही जात नाही. सुई काढून ठेवा, दोरा बोटांनी मागे ओढा. आणि पुष्कळ पुढे गेल्यावर मधे एक मणी जास्तीचा सापडला तर? पकडीने चिरडू नका. काच आत दबते आणि दोरा कापते. मण्याच्या भोकात बारीक टोच्या हळूहळू दाबत न्या, मणी बाहेरच्या बाजूला फुटेल. डोळ्यांवर चष्मा हवा.

दोरा 15 सेंटिमीटर उरला की नवा घ्या. जुन्याला मोठी गाठ मारू नका, ती भोकात मावत नाही आणि पुढच्या सुईला वाटही देत नाही. जुनं टोक विणलेल्या मण्यांतूनच मागे न्या, दोऱ्याने जी वाट घेतली त्याच वाटेने. दोन-तीनदा दिशा बदला. मधे दोन मण्यांमधल्या दोऱ्याला एक साधा फास टाका, पुढच्या चार मण्यांतून जा आणि मगच मण्यालगत कापा. नवा दोरा असाच, चार-पाच ओळी मागून शिरवून, जुना जिथे थांबला त्याच मण्यातून बाहेर काढा. पुढच्या वेळी पट्टीच्या कडा कशा बांधायच्या ते बघू. नमस्कार.