फ्राय बेंतोस : डब्यावर छापलेले गाव

उरुग्वे देशाच्या पश्चिम सीमेवर, उरुग्वे नदीच्या काठी फ्राय बेंतोस नावाचे एक लहानसे शहर आहे. पलीकडच्या काठावर अर्जेंटिना लागतो. १८५९ साली वसलेल्या या गावाचे नाव पुढे पन्नास-साठ वर्षांत युरोपातल्या घराघरांत पोहोचले, मात्र ते पोहोचले पत्र्याच्या डब्यावरून, आणि डबा उघडणाऱ्या बहुतेकांना हे एखाद्या गावाचे नाव आहे याचा पत्ताही नव्हता. शाकाहारी श्रोत्यांनी क्षमा करावी. आज बराच वेळ मांसाविषयीच बोलावे लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उरुग्वेच्या कुरणांत गुरे अमाप होती, पण ती मारली जात ती मुख्यतः कातड्यासाठी आणि चरबीसाठी. मांसापैकी काही खारवून, वाळवून ब्राझील आणि क्युबाला गुलामांच्या खाण्यासाठी पाठवले जाई आणि उरलेले बरेचसे वाया जाई. त्याच काळात युरोपातल्या कारखान्यांच्या शहरांत मजुरांना मांस परवडत नव्हते. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांसाचा अर्क काढण्याची रीत १८४७ मध्ये प्रसिद्ध केली होती. परंतु एक किलो अर्कासाठी तीस किलोंच्या आसपास मांस लागत असल्याने युरोपात तो धंदा आतबट्ट्याचाच ठरला असता. ही दोन टोके जोडण्याची बुद्धी गेओर्ग गीबर्ट या जर्मन अभियंत्याला झाली. त्याने लीबिगशी संधान बांधले, फ्राय बेंतोसला कारखाना काढला आणि १८६५ मध्ये लंडनच्या भांडवलावर लीबिगच्या नावाची कंपनी उभी राहिली.

तिथे बारीक केलेले मांस पाण्यात उकळून, वर आलेली चरबी काढून, गाळलेला रस आटवत नेत. शेवटी काकवीसारखा दाट, तपकिरी अर्क उरे. हा अर्क दुबळ्यांना बळ देतो अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात प्रथिने आणि चरबी बहुतांशी मागेच राहत, आणि ही गोष्ट इतर शास्त्रज्ञांनी लीबिगच्या हयातीतच दाखवून दिली होती. माझ्या मते कंपनीला खरे तारले ते १८७३ पासून डब्यात भरल्या जाऊ लागलेल्या खारवलेल्या गोमांसाने. ते खरोखरच पोट भरणारे होते. हाडे, रक्त, शिंगे, चरबी यांतले काहीही फुकट जात नसे. गाईचे हंबरणे तेवढे इथे वाया जाते, असे लोक म्हणत.

कारखान्याभोवती कामगारांची वसाहत वाढली. पन्नासहून अधिक देशांतून माणसे कामाला आली. उरुग्वेतला पहिला विजेचा दिवा १८८३ साली लागला तो राजधानीत नव्हे, या कारखान्यात. साहेबांचे बंगले वेगळे, मजुरांच्या चाळी वेगळ्या, हे सांगायला नकोच.

पहिल्या महायुद्धात हे डबे खंदकांत पोहोचले. १९१७ मध्ये बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या चिखलात तीन दिवस अडकून पडलेल्या एका ब्रिटिश रणगाड्याचे नाव ‘फ्राय बेंतोस’ होते. लोखंडी पेटीत कोंबलेले आपणही डब्यातले मांसच, असा त्यामागचा सैनिकी विनोद. १९२४ मध्ये कारखाना व्हेस्टी या इंग्रज घराण्याकडे गेला आणि त्याला ‘आंग्लो’ हे नाव पडले. गावकरी आजही त्या वस्तीला तेच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, एकट्या १९४३ साली, इथून १ कोटी ६० लाख डबे रवाना झाले.

उतरण लागली ती युद्धानंतर. १९६४ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन शहरात विषमज्वराची साथ आली आणि चारशेहून अधिक लोक आजारी पडले. दोष निघाला तो अर्जेंटिनातून आलेल्या डब्याचा. पण फटका डबाबंद गोमांसाच्या सगळ्याच बाजाराला बसला. १९७१ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला, १९७९ मध्ये तो बंद झाला. गंमत अशी की नावाची छाप मात्र मेली नाही. ती एका कंपनीकडून दुसरीकडे विकली जात राहिली आणि आज या नावाचे डबाबंद ‘पाय’, म्हणजे पिठाच्या आवरणाखाली मांसाचे सारण भरलेले पदार्थ, ब्रिटनमध्ये तयार होतात. गावाने कमावलेली पत गावाच्या मालकीची कधी नव्हतीच. इथे मला खरी सल जाणवते.

बंद कारखान्याचे आता संग्रहालय झाले आहे. बाष्पयंत्रे, दाबमापकांच्या तबकड्या, कचेरीतली मेजे जागच्या जागी आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला.

गावाजवळ नवे धुराडे मात्र २००७ मध्येच उभे राहिले होते. एका फिनिश कंपनीने निलगिरीच्या लाकडापासून कागदाचा लगदा बनवण्याची प्रचंड गिरणी काढली. नदी नासेल या भीतीने पलीकडच्या ग्वालेग्वायचूच्या लोकांनी दोन्ही देशांना जोडणाऱ्या पुलाकडे जाणारा रस्ता काही वर्षे अडवून धरला. अर्जेंटिना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, आधी कळवण्याची आणि सल्लामसलतीची रीत उरुग्वेने पाळली नाही, परंतु नदीच्या प्रदूषणाचा आरोप सिद्ध झालेला नाही. त्याच वर्षी रस्ता मोकळा झाला, आणि नदीच्या पाण्यावर दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून देखरेख ठेवावी असे ठरले.